डोंगर इथला, नफा बाहेरचा
अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दौलतीचा हिशेब

आपल्या बाजारात एक समज पक्का आहे. ज्याच्याकडे माल, त्याच्याकडे पैसा. माल जवळ असला की गिऱ्हाईक आपोआप येते आणि गिऱ्हाईक आले की घर भरते. हा समज किती खरा, हे तपासायचे असेल तर अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ राज्याचा इतिहास व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी जरूर वाचावा.

या राज्याजवळ काय नव्हते? उत्तम प्रतीचा दगडी कोळसा, जमिनीखाली खारे पाणी, नैसर्गिक वायू, खनिज तेल, घनदाट जंगल, काचेला लागणारी वाळू आणि माल वाहून नेणाऱ्या नद्या. गिऱ्हाईकही होते. अमेरिकेतील पोलादाच्या भट्ट्या, रेल्वे आणि वीजकेंद्रे याच डोंगरांतील कोळशावर चालली. तरीही अमेरिकेतील सर्वात कमी उत्पन्नाच्या राज्यांत आज त्याची गणना होते. १९५० साली तेथे २० लाख ५ हजार लोक राहत होते. २०२० च्या जनगणनेत ते १७ लाख ९३ हजारांवर आले. सत्तर वर्षांत लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, असे अमेरिकेच्या पन्नास राज्यांत हे एकमेव राज्य आहे.

माल गेला कुठे आणि पैसा राहिला कुठे, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

राज्याची ठेवण

वेस्ट व्हर्जिनियाचे क्षेत्रफळ सुमारे ६२ हजार ७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जेमतेम पाचवा हिस्सा. संपूर्ण राज्य अ‍ॅपलाशियन पर्वतरांगांच्या पट्ट्यात वसले आहे. सर्वात उंच शिखर स्प्रूस नॉब, उंची १४८२ मीटर. आपले कळसूबाई त्याहून उंच आहे. मात्र येथे डोंगर एका रांगेत उभा नाही, राज्यभर पसरला आहे. दोन डोंगरांमध्ये चिंचोळी दरी, दरीत ओढा, ओढ्याच्या काठाने रस्ता किंवा रेल्वेचा रूळ आणि उरलेल्या पट्टीत घरे, अशी वस्ती. शेतीला सपाट जमीन थोडी. तीन चतुर्थांशाहून अधिक भाग आजही जंगलाने व्यापलेला आहे.

पश्चिमेच्या सीमेवर ओहायो नदी वाहते. राज्याच्या मध्यातून कनावा नदी जाऊन तिला मिळते आणि याच नदीवर चार्ल्सटन ही राजधानी आहे. उत्तरेला मोनोंगाहेला, पूर्वेच्या टोकाला पोटोमॅक. पूर्वेचे टोक देशाची राजधानी वॉशिंग्टनपासून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. थोडक्यात, हे राज्य दूर कोपऱ्यात पडलेले नाही. श्रीमंत शहरांच्या शेजारी असूनही ते गरीब राहिले.

राज्याचा जन्म युद्धात झाला. पूर्वी हा भाग व्हर्जिनिया राज्यात होता. पूर्वेकडील सपाट प्रदेशात मोठे जमीनदार गुलामांकडून शेती करून घेत. पश्चिमेकडील डोंगरात छोटे शेतकरी राहत. कर सर्वांनी भरायचा आणि सत्ता मात्र पूर्वेची, अशी डोंगरातल्या लोकांची जुनी तक्रार होती. १८६१ साली गुलामगिरीच्या प्रश्नावरून व्हर्जिनिया अमेरिकेतून फुटून निघाला, तेव्हा पश्चिमेच्या प्रतिनिधींनी व्हीलिंग शहरात बैठका घेऊन त्याला विरोध केला. २० जून १८६३ रोजी वेस्ट व्हर्जिनिया हे अमेरिकेचे ३५ वे राज्य झाले. डोंगरातले लोक नेहमीच स्वतंत्र असतात, या अर्थाचे लॅटिन ब्रीद त्याने स्वीकारले. जमीनदारांच्या जाचातून सुटलेले हे राज्य पुढे कोणाच्या हाती गेले, ते आता पाहू.

पहिला धंदा मिठाचा

कोळशाच्या आधी येथे मीठ होते. कनावा नदीच्या काठी खाऱ्या पाण्याचे झरे होते आणि जंगली जनावरे तेथे माती चाटायला येत. १७९७ साली तेथे पहिली मीठभट्टी लागली. १८०८ साली डेव्हिड आणि जोसेफ रफनर या भावांनी खडकात भोक पाडून खोलवरचे दाट खारे पाणी वर काढले. त्यांची युक्ती आपल्या कारागिरांना लगेच समजेल. एक लांब, लवचीक लाकडी दांडा आडवा बसवायचा, त्याच्या टोकाला लोखंडी छिन्नी टांगायची आणि दांडा वरखाली दाबत खडक फोडत जायचे. वरची माती आणि गोडे पाणी आत येऊ नये म्हणून झाडाचे पोकळ खोड नळीसारखे खाली उतरवले. अमेरिकेत पुढे तेलाच्या विहिरी खोदल्या गेल्या त्या याच पद्धतीने.

हे मीठ नद्यांतून होड्यांनी सिनसिनाटी शहरात जाई. तेथील मांस टिकवण्याच्या धंद्यात त्याला मोठी मागणी होती. पाणी उकळण्यासाठी आधी लाकूड जाळले. आसपासचे जंगल संपत आल्यावर, १८१७ च्या सुमारास, शेजारच्या डोंगरातला कोळसा वापरायला सुरुवात झाली. त्याच वर्षी मीठ उत्पादकांनी एकत्र येऊन भाव आणि उत्पादन ठरवणारी कंपनी काढली. अमेरिकेतील पहिल्या व्यापारी मक्तेदाऱ्यांत तिची गणना होते. १८४६ साली येथे सुमारे ३० लाख बुशेल मीठ निघाले.

मिठाच्या भट्ट्यांवर राबणारे बहुसंख्य मजूर गुलाम होते. पूर्वेकडील मालकांकडून ते वर्षाच्या भाड्याने आणले जात. मजुरी मालकाच्या खिशात जाई आणि अंगावर फोड भाड्याच्या माणसाच्या येत. गुलामगिरी संपल्यावर १८६५ साली एक नऊ-दहा वर्षांचा काळा मुलगा आईबरोबर येथील माल्डन गावी आला आणि सावत्र वडिलांबरोबर मीठभट्टीवर लागला. वडिलांच्या पिंपांवर मुकादम १८ हा आकडा घाली. त्या मुलाला वाचता आलेली पहिली अक्षरे म्हणजे हा आकडा. पुढे रात्री शिकून, दिवसा काम करून तो मोठा झाला. त्याचे नाव बुकर टी. वॉशिंग्टन. १८८१ साली त्यांनी अलाबामा राज्यात टस्कीगी येथे शाळा काढली. तेथे विद्यार्थी पुस्तकांबरोबर वीटकाम, सुतारकाम, लोहारकाम शिकत आणि शाळेच्या इमारतीसुद्धा स्वतः बांधत.

मिठाचा धंदा १८५० नंतर बसला. मांसाचा व्यापार सिनसिनाटीहून शिकागोला सरकला, दुसरीकडे स्वस्त मीठ निघू लागले आणि नंतर पूर आणि युद्ध आले. मालाला एकच मोठे गिऱ्हाईक असले की काय होते, याचा हा पहिला धडा होता. राज्याने तो ध्यानात घेतला नाही.

रेल्वे आली आणि सह्या झाल्या

कोळसा भरपूर होता, पण डोंगरातून बाहेर काढायला वाट नव्हती. ती रेल्वेने केली. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे १८५३ च्या आरंभी व्हीलिंगला सुरू झाली. चेसापीक अँड ओहायो रेल्वे १८७३ साली दक्षिणेतील डोंगर पोखरून ओहायो नदीपर्यंत पोहोचली. त्यानंतर नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेने पोकाहोंटास भागातील उत्तम कोळसा समुद्रावरील बंदराशी जोडला.

रेल्वेच्या पुढे-मागे कंपन्यांचे दलाल दऱ्याखोऱ्यांत फिरू लागले. डोंगरातल्या शेतकऱ्याकडे जमीन होती, पण रोख पैसा क्वचितच दिसे. त्याला सांगितले जाई की घर तुझे, शेत तुझे, गुरे चारायचा डोंगर तुझाच, आम्हाला फक्त जमिनीखालचा दगड हवा आहे. एकराला अगदी थोडी रक्कम हातावर ठेवून भूगर्भातील खनिजाचा हक्क लिहून घेतला जाई. अनेकांना कागद वाचता येत नव्हता. ज्यांना येत होता, त्यांनाही खाली काय दडले आहे आणि त्याला उद्या काय भाव येणार आहे, याची कल्पना नव्हती. जमिनीचा वरचा भाग एकाचा आणि खालचा भाग दुसऱ्याचा, असे दोन मालक झाले.

या सह्यांचा परिणाम शंभर वर्षे टिकला. १९७४ साली हंटिंग्टन शहरातील एका दैनिकाने राज्याची मालकी कोणाकडे आहे, याचा शोध घेतला. खासगी मालकीच्या जमिनीपैकी सुमारे एक तृतीयांश जमीन राज्याबाहेरील दोन डझन कंपन्यांकडे असल्याचे त्यातून पुढे आले. ज्या गावाच्या डोंगरातून रोज गाड्या भरून कोळसा जात होता, त्या गावातील शाळेसाठी मिळणारा जमीन-कर मात्र तुटपुंजा होता.

कंपनीचे गाव, कंपनीचे दुकान

दरीत माणसे थोडी होती, म्हणून खाणीसाठी बाहेरून मजूर आणले गेले. इटली, हंगेरी, पोलंडमधून लोक आले. दक्षिणेकडील राज्यांतून काळे मजूर आले. कंपनीने घरे बांधली, चर्च बांधले, शाळा बांधली आणि दुकानही काढले. मजूर ज्या घरात राहतो ते कंपनीचे, रस्ता कंपनीचा, डॉक्टर कंपनीचा. काम सुटले की घरही सुटे.

व्यापाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे ते या दुकानाकडे. अनेक खाणींवर मजुरीपोटी धातूची नाणी किंवा कागदी चिठ्ठ्या दिल्या जात आणि त्या फक्त कंपनीच्या दुकानात चालत. दुसरीकडे मोडायला गेले तर किंमत कमी मिळे. पगाराच्या दिवसाआधी उचल घेतली की तीही याच नाण्यांत. पीठ, बूट, कुदळ, सुरुंगाची दारू, सारे त्याच दुकानातून, त्याच्याच भावाने. महिनाअखेर हिशेब झाला की हातात काही उरत नसे, उलट कधी खात्यावर बाकी निघे. आपल्याकडील ऊसतोड मजुरांची उचल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा हिशेब नवा वाटणार नाही. येथे मात्र उचल देणारा, माल विकणारा आणि घर देणारा मालक एकच होता.

या कोंडीत एक छोटी वाट फेरीवाल्यांनी काढली. त्या काळी उस्मानी साम्राज्यातील सीरिया-लेबनॉन भागातून अनेक लोक, बहुतेक अरब ख्रिस्ती, अमेरिकेत आले होते. त्यांच्यापैकी काहीजण पाठीवर गाठोडे घेऊन डोंगरातल्या वस्त्यांवर पायी फिरत. सुई-दोरा, कापड, कंगवे, चादरी विकत. भाषा मोडकीतोडकी, पण उधारी देत आणि पुढच्या फेरीला वसूल करत. अशा फेऱ्यांतूनच पुढे राज्यातील शहरांत अरब कुटुंबांची दुकाने उभी राहिली. मालकाच्या दुकानापेक्षा या फेरीवाल्याकडे एकच जास्त गोष्ट होती. गिऱ्हाईक त्याच्याकडे स्वतःच्या मर्जीने येत होते.

डोंगरातली लढाई

खाणीतील मृत्यू ही रोजची बाब होती. ६ डिसेंबर १९०७ रोजी मोनोंगा येथील खाणीत स्फोट झाला. अधिकृत आकड्याप्रमाणे ३६२ जण मेले. अमेरिकेच्या इतिहासातील ही सर्वात मोठी खाण-दुर्घटना. मृतांत इटलीहून आलेले मजूर मोठ्या संख्येने होते.

मजुरांनी संघटना करायची म्हटले की कंपन्यांचे सशस्त्र पहारेकरी येत. १९ मे १९२० रोजी मेटवान गावात मजुरांची कुटुंबे घराबाहेर काढायला खासगी गुप्तहेर आले. गावचा पोलीसप्रमुख सिड हॅटफील्ड आणि महापौर मजुरांच्या बाजूने उभे राहिले. गोळीबारात दहाजण ठार झाले आणि त्यात महापौरही होते. पुढच्या वर्षी १ ऑगस्टला हॅटफील्डला वेल्च येथे न्यायालयाच्या पायऱ्यांवरच गोळ्या घालण्यात आल्या.

त्यानंतर सुमारे दहा हजार खाणमजूर गळ्यात लाल रुमाल बांधून निघाले. ऑगस्टच्या अखेरीस ब्लेअर डोंगरावर त्यांची गाठ लोगन काउंटीच्या शेरीफच्या फौजेशी पडली. या शेरीफच्या खर्चाला खाणमालकांचा पैसा होता. मजुरांवर विमानातून घरगुती बॉम्ब टाकले गेले. शेवटी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी लष्कर पाठवले आणि मजुरांनी लष्कराशी न लढता शस्त्रे ठेवली. संघटनेचा हक्क त्यांना प्रत्यक्षात मिळाला तो १९३३ साली, देशाचा कायदा बदलल्यावर.

धूळ आणि विष

१९३० साली गॉली ब्रिजजवळ हॉक्स नेस्ट येथे डोंगरातून सुमारे पाच किलोमीटर लांबीचा बोगदा खोदायला घेतला गेला. नदीचे पाणी वळवून वीज करायची आणि ती युनियन कार्बाइड समूहाच्या धातूच्या कारखान्याला द्यायची, असा बेत होता. मंदीचे दिवस होते. कामाच्या शोधात हजारो मजूर आले आणि त्यांत काळे मजूर जास्त होते. खडकात सिलिका भरपूर. पाणी न मारता कोरडेच भोक पाडले जाई आणि मजुरांना तोंडावर बांधायला काही दिले नव्हते. धूळ इतकी की पुढचा माणूस दिसेना. काही महिन्यांतच माणसे धाप लागून मरू लागली. पुढे ४७६ मृत्यूंचा आकडा सांगितला गेला. नंतरच्या एका अभ्यासाने तो ७६४ च्या आसपास असल्याचा अंदाज दिला. दगड घासणाऱ्या, फोडणाऱ्या आपल्या कारागिरांनी ही गोष्ट घरी मुलांना सांगावी. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की ती परत निघत नाही.

याच कंपनीचे नाव भारतीय वाचकाला दुसऱ्या कारणाने माहीत आहे. चार्ल्सटनजवळ इन्स्टिट्यूट नावाच्या, प्रामुख्याने काळ्या लोकांच्या वस्तीत युनियन कार्बाइडचा रसायन कारखाना होता. मिथिल आयसोसायनेट हे जहाल रसायन अमेरिकेत तेथेच तयार होई. भोपाळचा कारखाना हे त्याचेच भावंड. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळच्या जुन्या शहरावर हेच विष पसरले आणि हजारो माणसे मेली. तेव्हा आमचा इन्स्टिट्यूटचा कारखाना सुरक्षित आहे, असा दिलासा तेथील लोकांना देण्यात आला. ११ ऑगस्ट १९८५ रोजी त्याच कारखान्यातून दुसरे विषारी रसायन बाहेर पडले आणि सुमारे १३५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. पुढे कारखान्याचे मालक बदलत गेले. २००८ साली तेथे स्फोट होऊन दोन कामगार मेले. मिथिल आयसोसायनेटचे उत्पादन कायमचे बंद झाले ते २०११ साली. भोपाळमधील मजूर आणि वेस्ट व्हर्जिनियातील मजूर यांच्यात हजारो मैलांचे अंतर होते, पण दोघांच्या घराशेजारी काय साठवायचे हे ठरवणारी खोली एकच होती.

हिस्सा मागणारा राज्यपाल

खनिज एकदाच निघते. पीक पुन्हा येते, कोळसा पुन्हा येत नाही. म्हणून निघणाऱ्या प्रत्येक टनामागे राज्याने काही हिस्सा घेऊन शाळा आणि रस्ते करावेत, हा विचार साधा आहे. विल्यम मारलँड यांनी तो १९५३ साली मांडला. ते स्वतः खाणीवरील अधिकाऱ्याचे चिरंजीव. राज्यपाल होताच त्यांनी कोळशावर टनामागे दहा सेंट कर सुचवला. कोळसा कंपन्यांनी जोर लावला आणि विधिमंडळाने प्रस्ताव फेटाळला. मारलँड यांची कारकीर्द त्यातून सावरली नाही. दोनदा निवडणूक हरले, दारूच्या आहारी गेले, मग तीही सोडली. १९६५ साली एका वार्ताहराला ते शिकागोच्या रस्त्यावर टॅक्सी चालवताना आढळले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

खनिज काढण्यावरील पाच टक्के कर आजच्या स्वरूपात आला तो १९८७ साली. तोवर कोळशाचे सर्वात भरभराटीचे दिवस मागे पडले होते. याउलट अलास्का राज्याने तेलाचा पैसा येऊ लागताच, १९७६ साली, त्यातील हिस्सा बाजूला टाकणारा कायमचा निधी घटनेतच लिहून ठेवला.

यंत्रे आली, माणसे गेली

१९४० च्या दशकात राज्यात सव्वा लाखाच्या आसपास खाणमजूर होते. १९५० नंतर खाणीत यंत्रे आली. एक यंत्र अनेक माणसांचा कोळसा काढू लागले. सत्तरच्या दशकापासून तर स्फोटके लावून डोंगराचा माथाच उडवायचा, माती दरीत ढकलायची आणि कोळसा वरूनच उचलायचा, ही पद्धत रुळली. माल निघतच राहिला, पण मजुरी घटली. आज कोळसा उत्पादनात वायोमिंगच्या पाठोपाठ वेस्ट व्हर्जिनियाचाच क्रमांक लागतो आणि त्याचा पोलादाला लागणारा कोळसा जहाजांतून परदेशी, भारतातही, जातो. खाणमजूर मात्र काही हजारच उरले आहेत.

दक्षिणेतील मॅकडॉवेल काउंटीचे उदाहरण बोलके आहे. एके काळी देशात कोळशासाठी अग्रगण्य असलेल्या या भागात १९५० साली ९८ हजार ८८७ लोक राहत. २०२० साली १९ हजार १११ उरले. १९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या काळात गरिबांना धान्यासाठी सरकारी कूपने देण्याची योजना पुन्हा सुरू झाली, तेव्हा पहिली कूपने या काउंटीतील एका बेकार खाणमजुराच्या कुटुंबाला मिळाली. पुढे एक बडे साखळी दुकान आले. त्याच्या भावापुढे लहान दुकानांचा टिकाव लागणे कठीण झाले. २०१६ साली त्या बड्या दुकानानेही गाशा गुंडाळला. ज्या बाजारात गिऱ्हाईकाच्या हाती पैसा नाही, तेथे शेवटी मोठा दुकानदारही टिकत नाही.

काचवाल्यांची गोष्ट

या सर्व अंधारात कारागिरांचा एक वेगळा हिशेब आढळतो. स्वस्त नैसर्गिक वायू आणि चांगली वाळू यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी राज्यात काचेचे अनेक कारखाने निघाले. बेल्जियम, फ्रान्स, इंग्लंडचे कसबी काचवाले आले. पेले, दिवे, खिडकीच्या काचा, इतकेच काय, मुलांच्या खेळातल्या काचेच्या गोट्याही येथे बनत. गोट्या करणारी एक मोठी कंपनी १९१४ साली ओहायोतून क्लार्क्सबर्गला आली ती याच कारणाने.

विल्यम ब्लेंको नावाचा इंग्रज काचवाला १८९३ साली अमेरिकेत आला. चर्चच्या खिडक्यांना लागणारी रंगीत काच तोंडाने फुंकून करण्याची कला त्याला येत होती. त्याचे कारखाने एकापाठोपाठ बुडाले. १९२१ साली, वय ६७, त्याने मिल्टन गावी पुन्हा भट्टी लावली. १९२९ नंतर मंदी आली, चर्चची बांधकामे थांबली, तेव्हा कारखान्याने त्याच भट्टीतून फुलदाण्या आणि भांडी काढायला सुरुवात केली. शंभरी ओलांडून तो चालला. न्यूएल गावातील चिनी मातीची रंगीत ‘फिएस्टा’ भांडी १९३६ साली बाजारात आली आणि नाव टिकवून आहेत. माल्डनच्या जुन्या मीठवाल्या घराण्याच्या सातव्या पिढीतील बहीणभावांनी २०१३ साली तेच खारे पाणी पुन्हा वर काढले. आता ते भट्टीवर न उकळता उन्हात वाळवतात आणि छोट्या बरण्यांत आपल्या नावाने विकतात.

सगळेच टिकले असे मात्र नाही. माउंड्सव्हिल येथील फॉस्टोरियाचा काच कारखाना १९८६ साली बंद झाला. विल्यम्सटाउनच्या फेंटनने २०११ साली पारंपरिक काचकाम थांबवले. स्वस्त आयातीपुढे आणि महाग इंधनापुढे कसबही थकते. पण फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. कोळशाचा टन जगात कोणाचाही असला तरी टनच असतो आणि त्याचा भाव दुसरा ठरवतो. ब्लेंकोच्या फुलदाणीचा भाव मिल्टनमध्ये ठरत होता.

मालकी मजुरांची झाली तेव्हाचा अनुभवही सांगण्याजोगा आहे. उत्तरेतील वेअर्टन येथील पोलाद कारखान्यातून मूळ कंपनी अंग काढून घेऊ लागली, तेव्हा हजारो कामगारांनी पगारात सुमारे वीस टक्के कपात सोसून १९८४ साली कारखाना स्वतः विकत घेतला. काही वर्षे नफा झाला आणि वाटला गेला. पुढे आयात, जुनी यंत्रे आणि निवृत्तिवेतनाचा बोजा यांनी २००३ साली दिवाळे निघाले. मालकी हाती आली तरी धंदा सांभाळावाच लागतो. तरीही बंद पडू पाहणारा कारखाना त्यांनी वीस वर्षे चालवला आणि त्या वीस वर्षांत एका पिढीची मुले शिकली.

आपल्या दारातला प्रश्न

आपल्याकडे चंद्रपूरला कोळसा आहे, गडचिरोलीला लोखंड आहे. खाण असलेल्या जिल्ह्यासाठी वेगळा निधी ठेवण्याची तरतूद आपल्या देशात २०१५ च्या कायद्याने झाली आहे. तो कोठे खर्च होतो, हे त्या जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी आणि ग्रामसभांनी विचारले पाहिजे.

पण खाण नसलेल्या गावांनाही हा हिशेब लागू पडतो. मालेगाव आणि भिवंडीत असंख्य यंत्रमागवाले मजुरीवर विणतात. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, मीटरला ठरलेली मजुरी तेवढी आपली. विणलेले कोरे कापड रंगाई-छपाईला दुसऱ्या राज्यांत जाते आणि तेथून दुसऱ्याच नावाने बाजारात येते. माग आपला, रात्रपाळी आपली, कानठळ्या बसवणारा आवाज आपल्या वस्तीत. वेस्ट व्हर्जिनियाचा डोंगर आणि आपला माग यांत मग फरक काय?

तेथील लोकांनी एकदा सही केली आणि त्यांच्या नातवंडांनाही तो कागद फिरवता आला नाही. आपण अजून रोज नवा सौदा करतो. पुढचा सौदा करताना तीन गोष्टी लिहून काढाव्यात. कच्चा माल कोणाचा, शेवटचा भाव कोण ठरवतो आणि कापडावर नाव कोणाचे. तिन्ही ठिकाणी दुसऱ्याचेच नाव आले, तर चार यंत्रमागवाल्यांनी एकत्र बसून निदान एक नाव बदलता येते का, याचा विचार याच हंगामात करावा.